हॉटडॉगवरचा चिली सॉस, मांसाशिवाय आणि खोबऱ्याशिवाय

चायनीजच्या गाडीवर लाल-हिरव्या बाटल्यांत असतो तो चिली सॉस वेगळा. मी सांगतोय तो शिंपडायचा नाही, पळीने वाढायचा. अमेरिकेत हॉटडॉगवर खिम्याचा एक दाट, बारीक दाण्यांचा, मंद आचेवर मुरवलेला थर घालतात, त्याला तिकडे चिली सॉस म्हणतात. आपण तो मांसाशिवाय करू. जिन्नस सगळे वेंगुर्ल्याच्या बाजारात मिळणारे, आणि खोबऱ्याचा कणही नाही. या शेवटच्या अटीवरून आमच्या घरात अजून नाकं मुरडली जातात.

मी जहाजावर चीफ कुक होतो. धान्य भरायला जाणारी जहाजं सेंट लॉरेन्स नदीतून आत शिरतात आणि लॉकमागून लॉक, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणारे दरवाजांचे हौद, चढत अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत पोचतात. १९५९ साली हा मार्ग समुद्रावरच्या मोठ्या जहाजांना खुला झाला. त्या वाटेवर डेट्रॉईट लागतं. तिथे लाफायेट बुलेवार्डवर दोन दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, ‘अमेरिकन कोनी आयलंड’ आणि ‘लाफायेट कोनी आयलंड’. पहिलं १९१७ सालचं, ग्रीसहून आलेल्या माणसाने काढलेलं. दोन्हीकडे मुख्य माल एकच: मऊ पावात सॉसेज, वर चिली सॉस, पिवळ्या मोहरीच्या सॉसची रेघ आणि कच्चा कांदा. दोन्ही दुकानांची गिऱ्हाइकं आपलंच दुकान खरं म्हणून भांडतात. मी त्या भांडणात पडलो नाही, दोन्हीकडे खाल्लं. त्याच राज्यातल्या फ्लिंट गावात हा सॉस कोरडा, भुरभुरीत करतात. खाली ओहायोत सिनसिनाटीला त्यात दालचिनी पडते, काही जण कोकोही घालतात, आणि तोच सॉस स्पॅगेटीवरही ओततात. माझ्या सॉसमध्ये ओलावा डेट्रॉईटचा आहे, दाणा फ्लिंटचा, आणि दालचिनीची चिमूट सिनसिनाटीची.

शाकाहारी कशासाठी, तर गिऱ्हाईक मागतं म्हणून. माझा पुतण्या किनाऱ्यावर हॉटडॉगची गाडी लावतो. पुण्या-कोल्हापूरकडून आलेल्या गाड्यांतून उतरणारी निम्मी माणसं पहिला प्रश्न ‘व्हेज आहे ना?’ असाच करतात. आणि आपलीही कथा फार वेगळी नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ती उठते न उठते तोच श्रावण. सोमवार आहे, संकष्टी आहे, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. मासे खाणाऱ्या घरातही वर्षाचे कितीतरी दिवस चूल शाकाहारीच असते.

आता मुद्द्याचं. मांसाची नक्कल करायला जाऊ नका. खिमा त्या सॉसमध्ये काय कामं करतो ते बघा आणि तेवढी कामं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. खिम्याची कामं तीन. एक, दाताखाली येणारा बारीक दाणा. दोन, रसाला येणारी खोली, म्हणजे पाण्यात नुसतं तिखट-मीठ कालवलंय असं न वाटणं. तीन, चरबी, कारण मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही चरबीत उतरतात, पाण्यात फारसे उतरत नाहीत. दाण्यासाठी आपण सोयाचा चुरा घेऊ, खोलीसाठी कुळथाचं कळण, आणि चरबीसाठी शेंगदाण्याचं तेल. या तिघांत मोठं काम कळणाचं. कुळीथ शिजवल्यावर उरणारं ते गडद तपकिरी पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या सार करायला वापरतो. हाडांच्या सूपची जागा घेईल असं कडधान्याचं दुसरं पाणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग खोबरं का नको? भाजल्या खोबऱ्याचं वाटण पडलं की सॉस रस्सा होतो. जीभ लगेच ओळखीच्या वाटेला लागते आणि भात शोधू लागते. जिरं आणि मिरची यांची जी जोडी या सॉसचा कणा आहे ती मागे पडते. शिवाय वाटण घातलेला पदार्थ आपल्या दमट हवेत लवकर आंबतो. फ्रिजमध्ये ठेवला तर खोबऱ्यातली चरबी थिजून वर पांढरट थर धरते. याच कारणाने मालवणी मसालाही बाहेर ठेवा. त्यातली बडीशेप, दगडफूल, लवंग यांचा आवाज फार मोठा. पुतण्याने विचारलंच होतं, “काकानू, खोबऱ्याशिवाय ह्यां कसां लागतलां?” मी म्हटलं, “आधी खा, मगे बोल.” आता तो गाडीवर हाच सॉस विकतो.

साधारण एक किलो सॉस, म्हणजे चौदा-पंधरा हॉटडॉगना पुरेल असा, करायचा तर हे काढून ठेवा. सोयाचा चुरा १०० ग्रॅम. दुकानात सोया ग्रॅन्यूल्स म्हणून मिळतो, मोठ्या वड्याच असतील तर उकडून, पिळून मिक्सरला दोन झटके द्या. अख्खे कुळीथ १०० ग्रॅम. मध्यम कांदे चार, पैकी तीन सॉसला आणि एक वरून पेरायला. पिकलेले टोमॅटो ३०० ग्रॅम. लसणाच्या पंधरा-सोळा पाकळ्या. गावठी बारीक लसूण असेल तर दुप्पट. सुक्या ब्याडगी मिरच्या बारा, संकेश्वरी चार. जिरे एक मोठा चमचा भरून. ओवा पाव लहान चमचा, दालचिनीची पूड दोन चिमटी, बिनसाखरेचा कोको एक लहान चमचा. सोया सॉस एक मोठा चमचा. कुळथाचं पीठ एक मोठा चमचा. आमसुलं चार-पाच किंवा आगळ, म्हणजे कोकमाचा खारट अर्क, दोन लहान चमचे. गूळ सुपारीएवढा. शेंगदाणा तेल अर्धी वाटी. एवढं तेल बघून दचकू नका, ते पंधरा जणांत वाटलं जाणार आहे. मीठ शेवटी.

कुळीथ आदल्या रात्री निवडून भिजत घाला. निवडायचा कंटाळा करू नका, कुळथात खडा असतोच आणि तो दाताखालीच सापडतो. सकाळी ते पाणी ओतून द्या, चार-पाच वाट्या ताजं पाणी घाला आणि कुकरला पाच-सहा शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून दहा मिनिटं ठेवा. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. रोवळीत उपसून कळण वेगळं धरा. तीन वाट्यांच्या आसपास मिळेल. दाणे गरम असतानाच पावभाजीच्या मॅशरने अर्धवट ठेचा. पीठ करायचं नाही, पण अख्खा दाणाही दिसता कामा नये. अख्खे दाणे राहिले तर खाणारा त्याला उसळ म्हणेल आणि त्याचं बरोबरच असेल. डेट्रॉईटच्या सॉसमध्ये कडधान्य मुळातच नसतं. टेक्ससवाले तर त्यांच्या चिलीत, म्हणजे मिरचीत शिजवलेल्या मांसाच्या दाट रश्श्यात, राजमा बघितला की भांडायलाच उठतात. आपण कुळीथ घालतोय ते चोरून, दाण्याला जड करण्यापुरते.

कुळीथ नाही मिळाले तर अख्खे मसूर चालतील, पण त्यांचं पाणी इतकं चवदार नसतं. राजमा वापरणाऱ्याने मात्र एक सांभाळावं: भिजवलेलं पाणी टाकून द्यावं आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय पुढे जाऊ नये. कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात, आणि नुसत्या मंद आचेवर ते मरत नाही. कुकरमध्ये शिजवला तर हा प्रश्न उरत नाही.

मिरची. अमेरिकन पाककृती वाचून करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी: तिकडे ‘चिली पावडर’ म्हणून जी डबी मिळते तिच्यात मिरचीबरोबर जिरं, लसूण, ओरेगॅनो असं सगळं मिसळलेलं असतं आणि तिखटपणा बेताचा असतो. त्यात ‘चार चमचे’ लिहिलंय म्हणून तुम्ही आपली लवंगी मिरचीची पूड चार चमचे ओतलीत तर पाहुणे परत येणार नाहीत. म्हणून पूड वापरूच नका, अख्खी सुकी मिरची घ्या. ब्याडगी रंगासाठी: सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला सौम्य. संकेश्वरी तिखटासाठी: लांब, बारीक, झणझणीत. दोन्ही घाटावरून येतात आणि आगोटीच्या आधी, मसाल्याच्या दिवसांत, त्यातल्या त्यात चांगल्या मिळतात. तेव्हाच थोड्या जास्त घेऊन कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात मऊ पडलेली, आतून बुरशी धरलेली मिरची या सॉसचा सगळा वास बिघडवते.

देठं काढा, बिया झटका, आणि मिरच्या कोरड्या तव्यावर मंद आचेवर वीस-तीस सेकंद परता. फुगल्या की उतरवा. काळा डाग पडला की कडू झाली समजा, ती बाजूला. मग कडक पाण्यात वीस मिनिटं भिजवा आणि लसूण, थोडं भिजवलेलंच पाणी घालून अगदी गुळगुळीत वाटा. मिक्सर कंटाळेपर्यंत वाटा. सालाचे तुकडे राहिले तर ते सॉसमध्ये शेवटपर्यंत तसेच राहतात आणि टाळूला चिकटतात.

जिरे वेगळे भाजा, रंग बदलून वास सुटेपर्यंत, आणि गार झाल्यावर जाडसर कुटा. आयती जिरेपूड इथे चालणार नाही. खरं तर चालेल, पण मग अर्धी मजा गेली. ओवा नुसता हातावर चोळून ठेवा. तिकडे यात ओरेगॅनो घालतात, आपल्याकडे तो पिझ्झाबरोबर पुडीत येतो. पुड्या साठल्या असतील तर खुशाल वापरा. ओव्याला वास देणारं थायमॉल ओरेगॅनोतही असतं, म्हणून चिमूटभर ओव्यावर काम भागतं. चिमूटभरच. जास्त झाला तर पोटदुखीवरच्या काढ्याची आठवण होते.

आता सोया, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सोया नको म्हणणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी तो नीट धुतलेला आणि परतलेला खाल्लेलाच नसतो. सोयाचा चुरा म्हणजे तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचं पीठ दाबून, फुलवून केलेली वस्तू. कोरडा असताना त्यात जवळजवळ निम्मं प्रथिन असतं, चव मात्र स्वतःची काही नाही, असलाच तर एक कच्चट वास. तो घालवायला भरपूर पाण्यात मीठ घालून चुरा पाच मिनिटं उकळा. फेस येईल, तो काढून टाका. गाळणीत ओतून गार पाणी घाला, मुठीने पिळा. पुन्हा गार पाण्यात बुडवा, पुन्हा पिळा. दुसऱ्या वेळी फडक्यात बांधून, घट्ट पीळ देऊन, पाणी निघायचं थांबेपर्यंत पिळा. पाणी राहिलं तर तो पुढे कढईत परतला न जाता वाफवला जाईल, आणि वाफवलेला सोया म्हणजे ओला पुठ्ठा.

बिडाची कढई असेल तर ती घ्या, नसेल तर जाड बुडाची कुठलीही. नॉनस्टिकमध्ये हा रंग येत नाही. निम्मं तेल चांगलं तापवा आणि सोया पसरा. पहिली दोन-तीन मिनिटं ढवळू नका. हात शिवशिवतो, मान्य आहे, पण खालचा थर तपकिरी व्हायला त्याला कढईला चिकटून बसू दिलं पाहिजे. मग उलटा, पुन्हा पसरा, पुन्हा थांबा. दहा-बारा मिनिटांत सगळा चुरा भाजक्या शेंगदाण्याच्या रंगावर येतो आणि खुटखुटीत वाजू लागतो. आता सोया सॉस कडेने ओता; तो चर्र करून आटेल आणि दाण्यांना रंग धरेल. उतरवून ठेवा. खिमा कढईत परतताना जो खमंग वास येतो तो मांसाइतकाच भाजण्याचा असतो, हे जहाजाच्या गॅलीत शेकडो किलो खिमा परतल्यावर मी सांगू शकतो. प्रथिन आणि साखर उष्णतेत एकमेकांवर काम करतात, मग ते प्रथिन बैलाचं असो की सोयाबीनचं.

त्याच कढईत, न धुता, उरलेलं तेल घाला. कांदे अगदी बारीक चिरलेले हवेत, विळीवर तितके बारीक होत नसतील तर सुरी घ्या. मिक्सरमधून काढू नका, कांदा पाणी सोडून कडवट होतो. मध्यम आचेवर बदामी होईपर्यंत पंधरा मिनिटं. खाली चिकटलेलं सोयाचं भाजकं कांद्याच्या पाण्याबरोबर सुटून येईल, ते खरवडून घ्या, ते सोन्यासारखं आहे. मग मिरची-लसणाचं वाटण घाला आणि आच कमी करा. हे परतणं मन लावून करायचं. वाटणातलं पाणी आटेल, रंग विटकरी होईल, आणि कडेने लाल तेल सुटू लागेल. तेल सुटेपर्यंत पुढचं काही घालायचं नाही. मिरचीचा सगळा गुण याच वेळी तेलात उतरतो; नंतर तासभर उकळून तो उतरत नाही.

जिरे, ओवा, दालचिनी, कोको आणि कुळथाचं पीठ या क्रमाने घाला, मिनिटभर हलवा. कुळथाचं पीठ बहुतेक घरांत पिठीसाठी, म्हणजे पातळ पिठल्यासाठी, असतंच. ते सॉस बांधून ठेवतं. तिकडे काही जण याच कामाला बिस्किटांचा चुरा किंवा मैदा वापरतात, आपल्याला त्याची गरज नाही. कॉर्नफ्लोअर तर नकोच, सॉसला चकाकी येते आणि तो चायनीज दिसू लागतो. आमच्या घरून यावर शेरा आला होता: “अहो, ह्याका पिठी म्हणा आनि गप रवा.” चमचाभर पिठाने पिठी होत नाही.

टोमॅटो किसून किंवा वाटून घाला, कच्चा वास जाईपर्यंत आटवा. मग भाजलेला सोया, ठेचलेले कुळीथ आणि दीड वाटी कळण. एक उकळी आली की आच अगदी बारीक करा, झाकण अर्धवट ठेवा आणि चाळीस मिनिटं विसरा. विसरा म्हणजे दर पाच-सात मिनिटांनी बुडापासून ढवळा, कारण कुळीथ खाली बसतो आणि बसला की लागतो. कोरडं वाटलं तर कळण थोडं थोडं घाला, पाणी घालू नका. वीस मिनिटांनी मॅशरने कढईतच दोन-चार दाब द्या म्हणजे दाणे आणि रस एकजीव होतील.

आंबटपणा अगदी शेवटी, आच बंद करायच्या पाच मिनिटं आधी. आमसुलं असतील तर अर्ध्या वाटी गरम कळणात आधीच भिजवून, कोळून तो कोळ घाला. आगळ असेल तर थेट, पण आगळात मीठ असतं, म्हणून मीठ त्याच्यानंतर. व्हिनेगर का नाही? कारण वरून पडणाऱ्या मोहरीच्या सॉसमध्ये ते भरपूर असतं, आणि दोन्हीकडून व्हिनेगर आलं की घशाला झोंबतं. आमसुलाचा आंबटपणा जरा मागून येतो, टोमॅटोच्या आंबटाला आधार देतो, आणि रंगही एक छटा गडद करतो, जो या सॉसला हवाच असतो. गूळ घाला, मीठ घाला, चाखा. चाखताना पावाच्या तुकड्याबरोबर चाखा. नुसता चाखून बेताचा वाटलेला सॉस पावावर पडला की फिका लागतो. म्हणून चमच्यात किंचित जास्त वाटायला हवा.

झाला की नाही ते असं बघायचं: चमचाभर सॉस ताटलीत घाला आणि ताटली तिरकी करा. सॉस हळूच सरकला पाहिजे, पण त्याच्या पुढे पाण्याची रेघ धावता कामा नये. रेघ दिसली तर अजून दहा मिनिटं. सरकलाच नाही तर पळीभर कळण. तेलाचा लाल कड दिसणं बरोबर आहे, तो काढून टाकू नका. जमलं तर रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी सॉस कितीतरी चांगला लागतो.

सॉसेजबद्दल थोडक्यात. शाकाहारी सॉसेज गोठवलेली मिळतात. कुडाळला, सावंतवाडीला मोठ्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये असतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा आणि मागचे घटकही वाचा. सोया किंवा गव्हाच्या ग्लूटेनची असतील ती घ्या. बटाट्याची घेतलीत तर पावात बटाटा आणि वर सॉस, म्हणजे तो वडापावचा लांबचा नातेवाईक झाला. उकळत्या पाण्यात टाकू नका, त्यांना मांसाच्या सॉसेजसारखं आवरण क्वचितच असतं, पाणी पिऊन ती भोंगळ होतात. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून नरम करा आणि चमचाभर तेलावर तव्यावर फिरवत फिरवत भाजा. एकदा नरम केलेली पुन्हा गोठवू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते तेव्हा फ्रीझर उघडत बसू नये, आणि बराच वेळ वीज नसली तर आतला माल नीट तपासल्याशिवाय गाडीवर नेऊ नये.

सॉसेज मिळालीच नाहीत तर गाजर. हसू नका, तिकडे शाकाहारी मंडळी हे खरंच करतात. पावाच्या लांबीची, अंगठ्याहून थोडी जाड गाजरं सोला, टोकं गोल करा, सुरी जेमतेम शिरेल इतपत वाफवा. सोया सॉस, ठेचलेला लसूण, मिरपूड, थोडं आमसुलाचं पाणी आणि तेल यांत रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी कोळशावर किंवा कडक तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. शिजवून पार मऊ केलीत तर फुकट गेली.

फणसाच्या कुयरीचं, म्हणजे कोवळ्या फणसाचं, मला नेहमी विचारतात, कारण शिमग्याच्या आसपास ती घरोघरी असते आणि इंटरनेटवर सगळीकडे ती मांसाची बदली म्हणून मिरवते. तिचे धागे लांब असतात. या सॉसला दाणा हवा, धागा नको. कुयरीची भाजी करा, चांगली लागते.

पाव लादीतला चालत नाही, त्यात सॉसेज मावत नाही. आदल्या दिवशी बेकरीवाल्याला सांगितलं की तो त्याच पिठाचे लांबट पाव करून देतो, भट्टीतले, वरून पातळ पापुद्रा आणि आत मऊ. दुकानातले पिशवीबंद हॉटडॉग रोल गोड असतात, सॉसशी त्यांचं पटत नाही. पाव आरपार कापू नका, एका बाजूला बिजागरी राहू द्या. आतून लोणी लावून तव्यावर आतली बाजू शेका आणि मग मिनिटभर झाकण ठेवून वाफेत मऊ करा. शेकलेल्या बाजूमुळे सॉस लगेच झिरपत नाही.

भरायचा क्रम: सॉसेज, त्यावर तीन मोठे चमचे गरम सॉस, त्यावर पिवळ्या मोहरीची एक रेघ, आणि सढळ हाताने बारीक चिरलेला कच्चा कांदा. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर तो. गोडसर असतो, तिखटाला बरोबर उतारा. केचप नाही, मेयोनीज नाही. किसलेलं चीज ही सिनसिनाटीची पद्धत आहे, लहान मुलांसाठी घालायला हरकत नाही. त्यांच्यासाठी संकेश्वरी मिरचीही पूर्ण गाळा आणि दोन ब्याडगी वाढवा, रंग तोच राहील. पुतण्या वरून बारीक शेव भुरभुरतो. गिऱ्हाइकाला आवडते, म्हणून मी गप्प बसतो.

सॉस उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. उथळ डब्यांत ओता, मोठ्या टोपात तो मध्यभागी गरमच राहतो आणि तिथूनच बिघडतो. तीन-चार दिवस छान टिकतो. फ्रीझरमध्ये चार-चार हॉटडॉगपुरत्या पिशव्या चपट्या करून ठेवल्या तर महिना-दीड महिना जातो. खायच्या वेळी हवी तेवढीच काढा आणि बुडबुडे येईपर्यंत गरम करा. सकाळी घावण्यांबरोबरही खाऊन बघा.

गाडीसाठी मोठ्या प्रमाणात करणार असाल तर सगळं सरळ पटीत वाढवू नका. पाचपट सॉसला मिरची चौपट पुरते आणि कळण साडेतीनपट, कारण मोठ्या टोपातून वाफ त्या मानाने कमी जाते. सोया मात्र एकाच वेळी परतायला घेऊ नका. कढईच्या तळावर एकच थर बसेल एवढाच, पुन्हा पुन्हा. गाडीवर सॉसचा टोप उकळत्या पाण्याच्या मोठ्या टोपात ठेवा, थेट आचेवर नाही. साठ अंशांच्या खाली तो उतरू देऊ नये. स्वयंपाकघरातला थर्मामीटर महाग नसतो, एक घ्या. दाट होत गेला तर गरम कळण घाला आणि प्रत्येक वेळी मीठ पुन्हा बघा. रात्री टोपात जे उरेल ते दुसऱ्या दिवशीच्या ताज्या सॉसमध्ये मिसळायचं नाही.